गादीखालचं घड्याळ : 'द काइट रनर' वाचून झाल्यावर

अनघा_पाचपाखाडी

(कथानक शेवटपर्यंत उघड केलंय. कादंबरी वाचायची असेल तर आधी वाचून या, धागा कुठे पळून जात नाही.)

आमच्या वाचनगटात या महिन्यात खालिद हुसैनींची 'द काइट रनर' घेतली होती. गट म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. राम मारुती रोडजवळ एका मैत्रिणीकडे रविवारी सकाळी सात-आठ जण जमतो, पोहे होतात, पुस्तकावर बोलणं होतं आणि मग पुस्तक राहतं बाजूला. या खेपेला मात्र सगळा वेळ पुस्तकावरच गेला. निम्म्या जणींचे डोळे भरून आले होते. मला मात्र चीड आली होती, आणि ती नेमकी कशाची हे त्या गलक्यात धड सांगता आलं नाही. म्हणून इथे.

२००३ सालची कादंबरी, तेव्हा बहुतेकांनी वाचली असेल. तरी उजळणी करते. सत्तरच्या दशकातलं काबूल. वझीर अकबर खान या बड्या लोकांच्या वस्तीतला अमीर, बाप धनाढ्य पश्तून, म्हणजे तिथल्या वरचढ जमातीतला. आवारातच मातीच्या खोपटात त्यांचा हजारा (तिथली दबलेली अल्पसंख्य जमात) नोकर अली आणि त्याचा मुलगा हसन. दोन्ही पोरं आईविना वाढलेली, एकाच दाईच्या अंगावर प्यालेली. अमीर शाळेत जातो. हसन त्याचा नाश्ता करतो, कपड्यांना इस्त्री करतो. मग दोघं टेकडीवरच्या डाळिंबाच्या झाडाखाली बसतात, अमीर वाचून दाखवतो, हसन ऐकतो.

१९७५ च्या हिवाळ्यात अमीर पतंगांची स्पर्धा जिंकतो. शेवटचा कापलेला निळा पतंग आणायला हसन पळतो. तिकडे एका गल्लीत आसिफ आणि त्याचे दोन साथीदार त्याला गाठतात. पतंग देऊन टाकला असता तर हसन सुटला असता. तो देत नाही, आणि त्याच्यावर बलात्कार होतो. अमीर कोपऱ्याआडून बघतो आणि पळून जातो.

आमच्याकडची सगळी चर्चा या गल्लीवर झाली. अमीर का धावला नाही, आपण धावलो असतो का, वगैरे. मला गल्लीत फारसं अडकावंसं वाटत नाही. बारा वर्षांचं पोर, समोर तीन दांडगी मुलं, त्यांचा म्होरक्या पितळेचा पंजा हातात चढवून फिरणारा. पोर घाबरलं. मी तिथे बसून अमीरला शिव्या घालणार नाही.

माझा राग त्यानंतरच्या प्रकरणांवर आहे. अमीरला हसन डोळ्यांसमोर नको होतो. तो बापाला विचारतो, नवीन नोकर ठेवायचे का? बाप भडकतो. मग अमीर हसनला टेकडीवर नेऊन पिकलेली डाळिंबं फेकून मारतो आणि म्हणतो, तूही मार मला. हसन शेवटी एक डाळिंब स्वतःच्याच कपाळावर फोडतो. आमच्या गटात या प्रसंगाला 'काय लिहिलंय!' अशी दाद मिळाली. लिहिलंय छानच. पण नीट बघा काय चाललंय. अमीरला स्वतःला शिक्षा करून हवी आहे, आणि ती द्यायचं कामही त्याने नोकराच्याच मुलाला सांगितलंय.

मग वाढदिवस होतो. त्यानंतर एका सकाळी अली आणि हसन बाजारात गेलेले बघून अमीर आपलं नवं घड्याळ आणि भेट आलेल्या नोटा हसनच्या गादीखाली सारतो. हे भीतीने झालेलं नाही. घर रिकामं कधी असेल ते पाहून, जागा ठरवून, चेहरा सरळ ठेवून केलेलं काम आहे. बापाने आयुष्यभर शिकवलेलं, की पाप एकच, चोरी; बाकी सगळी पापं म्हणजे चोरीचीच रूपं. म्हणजे या घरात कुठला आरोप सगळ्यात जड पडेल हेही पोराने हेरलेलं. बाप विचारतो, तू चोरलंस? हसन हो म्हणतो. बाप माफही करतो! पण अली थांबत नाही.

अपराधी वाटायला लागलं की माणूस सुधारतो असं आपण धरूनच चालतो. हुसैनींनी मधल्या प्रकरणांत नेमकं उलटं दाखवलंय. अमीरला जितकं जास्त खातं तितका तो हसनशी जास्त नीचपणे वागतो. ज्याचं आपण वाईट केलं त्याचा चेहरा रोज समोर असणं सहन होत नाही, आणि चेहरा घालवणं हातात असेल तर माणूस तेच करतो. पुस्तकाचा हा भाग मला अस्सल वाटतो.

म्हणूनच पुढची तडजोड खटकते. २००१. अमीर आता कॅलिफोर्नियात लेखक. बापाचा जुना मित्र रहीम खान त्याला पेशावरला बोलावतो. हसन आणि त्याची बायको तालिबानच्या गोळ्यांना बळी पडलेत, मुलगा सोहराब काबूलच्या अनाथाश्रमात आहे, त्याला घेऊन ये म्हणतो. अमीर काय म्हणतो? दुसऱ्या कुणाला तरी पैसे देऊन पाठवा, मी देतो पैसे. मग रहीम खान ठेवणीतला पत्ता टाकतो: अलीला मूल होणं शक्यच नव्हतं, हसन तुझ्याच बापाचा मुलगा होता. अमीर चिडतो, चहाच्या टपरीवर बसतो, आणि मग जायला तयार होतो.

हा क्रम लेखकाने निवडलाय. सोहराब नोकराचा नातू असताना पैसे पाठवायचे, आणि रक्ताचा पुतण्या निघाला की स्वतः जायचं. अली खरंच हसनचा बाप असता तर अमीर काबूलला गेला असता का? माझं उत्तर: नसता गेला. आणि पुस्तक हा प्रश्न विचारायचंच टाळतं.

बोला.

मधली_सुट्टी

कसलं लिहिलंयस अनघा. मी फार वर्षांपूर्वी मराठी अनुवाद वाचला होता, लोकलमध्ये. घाटकोपरला रडायला लागले, ठाण्याला उतरेपर्यंत शेजारच्या बाईने पाण्याची बाटली दिली होती. परत वाचायची हिंमत नाही, पण तुझा घड्याळाचा मुद्दा एकदम पटला. तो भाग मी चक्क विसरले होते, गल्लीच लक्षात राहिली.

कोपरीकर

साहित्याचं जाणकार बघून घेतील, मी पतंगावर बोलतो.

आमच्या कोपरीतल्या चाळीला कौलं होती. गच्ची नाही. संक्रांतीला शेजारच्या बिल्डिंगच्या गच्चीवर जायचो, म्हणजे तिथल्या पोरांनी येऊ दिलं तर. पतंग त्यांचे, मांजा त्यांचा, फिरकी धरायला आम्ही. लोकांना वाटतं फिरकी धरणं म्हणजे नुसतं उभं राहणं. ढील म्हटलं की फिरकी बोटांच्या टोकांवर मोकळी गरगरू द्यायची. घट्ट धरलीत तर पतंग गचका खातो, सैल सोडलीत तर मांजा सुटून पायात गुंता. खेचून घेतलेला मांजा गच्चीभर पसरतो, पेच चालू असेपर्यंत त्यावर कुणाचा पाय पडू द्यायचा नाही. मग तो गुंडाळताना बोटाच्या पेरावर बारीक लाल रेघ उठते. रात्री जेवताना आमटीत बोट गेलं की ती कुठे आहे ते कळतं.

या सगळ्यात पतंगाकडे बघायला सवडच नसते. वारा कळतो तो हातातल्या दोऱ्यातून. पुस्तकात हसन कापलेल्या पतंगामागे धावताना वर बघतच नाही, भलत्याच दिशेला जाऊन बसून राहतो आणि पतंग बरोबर तिथे येतो, हे बऱ्याच जणांना जादूसारखं वाटतं. मला अजिबात वाटलं नाही. आमच्यातला एक जण तसाच होता. सगळी पोरं बांबूला काटेरी फांदी बांधून आरडाओरडा करत धावायची, हा गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा. उडवणाऱ्याचं लक्ष पेचावर असतं. पतंग कुठे पडणार हे फिरकीवाल्याला आधी कळतं.

मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही हेही सांगतो. दिवसभर गच्ची मिळायची, तिळगूळ मिळायचा, पेच कापला की 'काटलाऽऽ' ओरडण्यात आपला आवाज सगळ्यात मोठा. तेव्हा हसन सतत दबलेलाच असेल असं मानू नका. तो त्या खेळात खूश असणारच. गल्लीत त्याने पतंग सोडला नाही तो काही मालकाच्या धाकाने नव्हे. विजयात त्याचाही वाटा होता. तो पतंग त्याचासुद्धा होता.

अवांतर: तिकडेही काच लावलेलाच मांजा, आणि हाताला तसेच चरे. आपल्याकडे नायलॉन मांजावर हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी दरवर्षी जानेवारीत पक्ष्यांचे आणि दुचाकीवाल्यांचे गळे कापले जातातच. सुती मांजा वापरा रे बाबांनो.

जुना_जोगी

अनघाताई, घड्याळाबद्दल शंभर टक्के सहमत. रक्ताच्या नात्याबद्दल असहमत, आणि जरा लांबण लावणार आहे.

तुम्ही म्हणता लेखकाने नातं काढून अमीरला स्वस्तात सोडवलं. मला वाटतं नातं काढून लेखकाने तिथल्या समाजाला अडकवलंय. पुस्तकात आसिफ काय बोलत असतो? अफगाणिस्तान पश्तूनांचा, हजारा लोकांनी आमचं रक्त नासवलं. हे एका वाह्यात पोराचं बडबडणं नाही. अफगाणिस्तानचा राज्यकर्ता अब्दुर रहमानने १८९० च्या दशकात हजारांचं बंड मोडलं तेव्हा हजारोंना मारलं, गुलाम म्हणून विकलं, जमिनी काढून घेतल्या. हजारा बहुतांशी शिया, चेहरेपट्टी मंगोल वळणाची, त्यामुळे लपायलाही जागा नाही. हे अमीरला शाळेत कुणी शिकवत नाही, मेलेल्या आईच्या पुस्तकांत सापडतं. पुढे तालिबानने काबूल घेतल्यावर पतंगांवर बंदी येते आणि ऑगस्ट १९९८ मध्ये मझार-ए-शरीफमध्ये हजारांची कत्तल होते. रहीम खान या दोन्ही बातम्या एका दमात सांगतो.

अशा ठिकाणी सांगायचं की वझीर अकबर खानमधल्या सगळ्यात मानी पश्तूनाचा एक मुलगा हजारा बाईच्या पोटचा होता, आणि दोघांपैकी बापाच्या हिमतीवर गेलेला तोच होता. शुद्ध रक्ताच्या गप्पांना याहून मोठी चपराक कुठली? पतंग आणायला गेलेल्या ज्या 'हजारा'ला आसिफ मातीत लोळवतो, तो त्याच्याच हिशेबाने अर्धा पश्तून निघतो.

शिवाय हे ऐनवेळी काढलेलं नाही. हसनची आवडती गोष्ट शाहनामा या फारसी महाकाव्यातली, रुस्तम आणि सोहराबची. बाप रणात पोराला ओळखत नाही, मारतो आणि मग कळतं. हसन आपल्या मुलाचं नाव सोहराब ठेवतो. अमीरचा बाप (पुस्तकात त्याला 'बाबा' म्हणतात) दर वाढदिवसाला हसनला विसरत नाही, एका वर्षी तर त्याचा फाटलेला ओठ शिवायला डॉ. कुमार नावाचा सर्जन आणतो. नोकराच्या पोरासाठी एवढं कोण करतं? सगळं समोर मांडलेलं होतं.

निशिगंध

मंडळी, शाहनाम्यापर्यंत जायची गरज नाही, महाभारत घरचंच आहे.

कर्णाला युद्धाच्या तोंडावर आधी कृष्ण सांगतो आणि मग कुंती सांगते, तू सूताचा नाहीस, थोरला पांडव आहेस. राज्य मिळेल, भाऊ पाया पडतील. कर्ण नाही म्हणतो. राधा-अधिरथाने वाढवलं, दुर्योधनाने हात धरला, आता रक्त कळलं म्हणून मी पक्ष बदलू? आईला एवढंच वचन देतो की तुझे पाच मुलगे पाचच राहतील. म्हणजे रक्त कळूनही मैत्रीला धरून राहिलेला माणूस आपल्याकडे आहे. अमीरचं बरोबर उलटं. मैत्री असताना हलला नाही, रक्त कळल्यावर हलला. अनघाची तक्रार मला तिथे पूर्ण पटते.

पण अमीरशी जास्त जुळतो तो युधिष्ठिर. युद्ध संपलंय, मेलेल्यांना पाणी द्यायची वेळ आलीय, आणि कुंती म्हणते कर्णालाही द्या, तो तुमचा थोरला भाऊ. युधिष्ठिर कोसळतो. आणि मग राग कुणावर काढतो? आईवर, आणि तिच्यामागून समस्त बायकांवर: तुमच्या पोटात गुपित राहणार नाही असा शाप. अमीरही पेशावरला रहीम खानवर ओरडतो, बापावर चिडतो. दोघांनाही स्वतःच्या वागण्याचा हिशेब करण्याआधी 'मला सांगितलं का नाही' हेच आठवतं. भाऊ आहे हे माहीत नव्हतं म्हणून सूतपुत्र म्हणून हिणवायला मोकळीक होती का, हे युधिष्ठिर विचारत नाही.

जाता जाता, पुस्तकातला बाबा म्हणजे कुंती. स्वतःचं मूल दारात वाढताना बघितलं आणि तोंड उघडलं नाही.

अनघा_पाचपाखाडी

निशिगंध, युधिष्ठिर भारीच. हे रविवारी सुचलं असतं तर मी एकटी पडले नसते.

जोगीकाका, रक्तशुद्धीला चपराक हे मान्य. पण ती वाचकाला बसते. आसिफला शेवटपर्यंत कळत नाही की आपण कुणाला मारलं. आणि अमीरपुरता माझा प्रश्न जिथल्या तिथे आहे.

कोपरीकर, तुमच्या फिरकीवर स्वतंत्र धागा काढा. खरंच.

खाडीकाठ

समुपदेशनाच्या क्षेत्रात आहे म्हणून थोडं. मानसशास्त्रज्ञ हेलन ब्लॉक लुईस यांनी १९७१ मध्ये अपराधभाव आणि शरम यांतला फरक मांडला, पुढे त्यावर बरंच काम झालं. अपराधभावात नजर कृतीवर असते: मी वाईट केलं. त्यातून माणूस दुरुस्तीकडे वळू शकतो. शरमेत नजर स्वतःवर असते: मीच वाईट आहे. त्यातून लपणं, टाळणं आणि समोरच्यावर चिडणं येतं. धाग्यात मधल्या प्रकरणांतल्या नीचपणाबद्दल जे लिहिलंय ते मला शरमेचं वर्णन वाटतं. त्या मुलाला हसनचं काय झालं यापेक्षा बापाच्या डोळ्यांत आपण काय ठरू याची धास्ती जास्त आहे. निळा पतंगही त्याला बापासाठीच हवा होता. दुरुस्ती सुरू होते ती बाप गेल्यानंतर, हा योगायोग नाही.

शेवटचा_बाक

इथे वाचनमात्र असते, आज लिहिते. आधी एक प्रश्न: 'पोहे होतात' म्हणजे कोण करतं?

चेष्टा नाही. मी किसननगरला वाढले. आई पाचपाखाडी आणि नौपाड्यात घरकाम करायची. त्यातल्या एका घरी माझ्याच वयाची मुलगी होती. आमची दोस्ती होती, खरीखुरी. तिची जुनी पुस्तकं मला मिळायची. स्वाध्यायाची उत्तरं तिने पेन्सिलने लिहिलेली असायची, मी ती खोडून पुन्हा सोडवायची. एका वर्षी पुस्तकं आली ती आधीच खोडलेली. सगळी पानं, रबराचा चुरा शिवणीत अडकलेला. तिने बसून खोडली होती. मैत्री नव्हती असं मी कधीच म्हणणार नाही.

त्याच घरात एकदा कानातलं सापडेना. आईवर कुणी आरोप केला नाही. काकू इतक्या गोड आवाजात म्हणाल्या, 'बघितलंस का गं कुठे? केर काढताना?' आई 'नाही हो ताई' म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तितक्याच गोड. तिसऱ्या दिवसापासून काकू आई असलेल्या खोलीत काही ना काही काम काढून बसायला लागल्या. कानातलं उशीच्या अभ्र्यात सापडलं. हे काकूंनी नाही सांगितलं, मैत्रिणीने मला जिन्यात सांगितलं.

म्हणून हसन 'हो, मीच चोरलं' म्हणतो तिथे मी थांबले. सगळे म्हणतात केवढा त्याग, केवढी निष्ठा. अमीरलाही तसंच वाटतं. मी वेगळं वाचलं. हसनला दुसरा पर्याय काय होता? नाही म्हणायचं म्हणजे मालकाचा मुलगा खोटारडा असं मालकाच्या तोंडावर म्हणायचं. पुरावा त्याच्या गादीखाली आहे. बाप तिथेच काम करतो, तिथेच राहतो. हो म्हटलं की प्रकरण दोन मिनिटांत संपतं. त्याला निष्ठा म्हणायची असेल तर म्हणा. आमच्याकडे त्याला वेळ मारून नेणं म्हणतात, आणि ते आम्ही लहानपणीच शिकतो.

अनघा, तुमचा लेख मला आवडला, घड्याळ पकडलंत हे फार आवडलं. पण लेखभर अमीरला काय खातंय, अमीर गेला असता का, अमीरचं उत्तर काय. हसनला कसं वाटलं असेल हे एका ओळीत नाही. लेखकाकडेही नाही म्हणा. हसन मोठेपणी लिहायला शिकतो, अमीरला पत्र लिहितो, सोबत मुलाचा फोटो. त्या पत्रातही तो गोडच. बागेबद्दल, मुलाबद्दल, जुन्या आठवणी. मला त्यात रागाची एक, फक्त एक ओळ हवी होती. एवढं सगळं होऊन ज्याला राग येत नाही तो माणूस कसला? कोपरीकर, तुम्हाला कमीपणा वाटला नाही हे चांगलंच झालं. पण तुमच्या गादीखाली कुणी घड्याळ ठेवलं नव्हतं.

कोपरीकर

नाही ठेवलं. आमच्याकडे गादीही नव्हती म्हणा, सतरंजी होती. पण मुद्दा पोचला.

अनघा_पाचपाखाडी

पोहे आळीपाळीने आम्हीच करतो. भांड्यांचं विचारू नका.

शेवटचा_बाक, हसन गोड आहे कारण गोष्ट अमीर सांगतोय, असं मला वाटतं. ज्याच्यावर आपण अन्याय केला त्याला देव करून टाकणं सोयीचं असतं. देवाला नवस बोलता येतो, देव हिशेब मागायला येत नाही. हसन रागावलेला असता तर अमीरला त्याला सामोरं जावं लागलं असतं. तो पत्र येईपर्यंत मेलेला आहे, हेही पुन्हा सोयीचं. म्हणजे हसनचा गोडवा हे अमीरचंच आणखी एक लपणं.

शेवटचा_बाक

हे पटलं असतं, पण मधलं एक प्रकरण रहीम खान स्वतःच्या तोंडाने सांगतो. तो हसनला आणायला हजाराजात या हजारांच्या मुलुखात जातो, हसन बायकोसह काबूलला परत येतो आणि रहीम खानने कितीही सांगितलं तरी वाड्यात न राहता त्याच जुन्या खोपटात राहतो. तिथे सांगणारा अमीर नाही. तिथेही हसन संतच. मग हे लपणं अमीरचं नाही, लेखकाचं आहे.

जुना_जोगी

अरे वा. याला माझ्याकडे उत्तर नाही.

मधली_सुट्टी

२००७ च्या सिनेमाचं कुणीच काढलं नाही. काबूलमध्ये शूटिंग शक्य नव्हतं म्हणून चीनमधल्या काशगरला केलं, पण मुख्य भूमिकांतली मुलं काबूलची घेतली. नंतर त्या गल्लीतल्या प्रसंगामुळे त्या मुलांच्या जिवाला धोका होईल अशी भीती निर्माण झाली, प्रदर्शन काही आठवडे पुढे ढकललं, मुलांना आधी संयुक्त अरब अमिरातीत हलवलं. अफगाणिस्तानात सिनेमावर बंदीच आली. गोष्ट जगाला आवडली आणि घर सोडायची पाळी पुन्हा काबूलच्या पोरांवरच आली. आत्ता या चर्चेत ते आठवून कसंतरीच झालं.

खाडीकाठ

सोहराबकडे कुणी का वळत नाही? मला कादंबरीचा सगळ्यात प्रामाणिक भाग तोच वाटतो. सोहराब आता तालिबानी झालेल्या आसिफच्या ताब्यात असतो, त्याला सोडवताना आसिफच्या हातून बरगड्या मोडून घेतल्यावर अमीरला हसू येतं, मोकळं वाटतं. बहुतेक वाचक तिथेच 'फिटलं' म्हणून टाळ्या वाजवतात. आणि मग इस्लामाबादला तो सोहराबला म्हणतो की थोडे दिवस अनाथाश्रमात राहावं लागेल. कधीही पाठवणार नाही असा शब्द दिलेला असतो. पोरगा न्हाणीघरात मनगट कापून घेतो. मार खाऊन अमीरचं ओझं हलकं झालं, पोराचं नाही.

अनघा_पाचपाखाडी

+१. आणि अमेरिकेत गेल्यावर तो मुलगा जवळजवळ वर्षभर बोलत नाही. इथे लेखकाने घाई केलेली नाही, याचं श्रेय द्यायला हवं. शेवटी फ्रीमाँटच्या बागेत पतंग उडतो तेव्हाही पोराच्या ओठांचा एक कोपरा जेमतेम हलतो, बस. आमच्या गटात त्यालाच सुखान्त म्हणत होते.

जुना_जोगी

शेवटचा_बाक, रागाची ओळ शोधत होतात ना? ती आहे. हसनच्या तोंडी नाही, फरीदच्या आहे. पेशावरहून काबूलला नेणारा भाड्याचा ड्रायव्हर. अमीर हळवा होऊन म्हणतो की मला माझ्याच देशात परक्यासारखं वाटतंय. तेव्हा फरीद त्याला सुनावतो, की तू इथे कायमच पर्यटक होतास, तुला ते कळलं नव्हतं एवढंच. वाड्यात राहायचास, गाडी होती, हजारा नोकर होते. अमीरला अख्ख्या पुस्तकात इतकं स्पष्ट कुणी बोललेलं नाही.

शेवटचा_बाक

फरीद राहिलाच होता. बरोबर, आणि तो बोलू शकतो, कारण त्याचं भाडं ठरलेलं आहे. पोचवायचं आणि पैसे घ्यायचे.

आईचंही तसंच होतं. बाकीच्या घरी ती दिवाळीच्या बोनसवरून कडाकडा भांडायची, खाडे कापले तर ऐकवून यायची, एका घरचं काम तर तिने फाटकातूनच सोडलं होतं. फक्त माझ्या मैत्रिणीच्या घरी कधी आवाज चढवला नाही. बोनस तिथेच सगळ्यात कमी मिळायचा.